दोन डावे घोडे

लव्हडे स्ट्रीटवरच्या आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या.
थिर्झा हॅकेट त्या थांबत थांबत चढली,
वय सत्त्याऐंशी, टेनबरीहून दोन बस बदलून,
हातात बिस्किटांचा गंजका डबा.
"ह्यांचा आहे," म्हणाली. "काय काय आहे ते सांगा."

एनॉकने टॉवेल पसरून डबा पालथा केला.
पडलेले दात वाटीत टाकावेत तसा आवाज.

आधी घोडे पाहिले.
एनॉक त्यांना कोंबडे म्हणतो,
त्याच्या भाषेत ते कोंबडेच, मान वाकवून बसलेले.
माझ्या भाषेत घोडे. देवगडला बाबा घोडा चढवायचे
रानडुकरावर, ठासणीच्या बंदुकीचा,
आणि निवडणूक लागली की तीच बंदूक
पोलीस ठाण्यात जमा करून
पावती देवाच्या फोटोमागे ठेवायचे.
तिला नळी एकच होती.
डावं-उजवं मी बर्मिंगहॅमला शिकले.

अंगठ्याने ओढायचं ते शेपूट
बाहेरच्या अंगाला झुकलेलं असतं,
नेम धरणाऱ्या डोळ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून.
डब्यातले दोन्ही घोडे डावीकडे झुकत होते.

एनॉक गप्प. तो गप्प बसला
की खोलीत कुठेतरी कानस चालू आहे असं वाटतं.

यंत्रावर केलेला भाग कुठेही बसतो.
हे हातचे: दिव्याची काजळी लावायची, दाबून बसवायचं,
काळं उमटेल तेवढंच घासायचं, पुन्हा काजळी,
असे आठवडेच्या आठवडे.
शेजारच्या बंदुकीत घातले तर केसभर अडतात.
दुकानाचं नाव बाहेर, सोन्याच्या तारेत.
कानस चालवणाऱ्याचं आत, जिथे गिऱ्हाईक बघत नाही:
टी आणि जी, जी उलटा ठोकलेला.
दोन्ही घोड्यांवर तोच उलटा जी.
एकावर एक रेघ, एकावर दोन.

"ही जोड होती," मी म्हटलं. "एक नंबर कुठे आहे?"

थिर्झाने हातमोजा काढला, परत घातला.
"थोरल्याकडे. ऑब्रीकडे.
एकसष्ट साली वाटणी झाली. त्याला गुरं आणि गवत,
आम्हाला उताराची सफरचंदं, तीही कीड लागलेली.
त्या रात्री हे गेले आणि
त्याच्या बंदुकीचा एक घोडा काढून घेऊन आले.
मार म्हणे आता तितर.
ऑब्री मरेपर्यंत एकाच नळीने मारत राहिला.
मागायला आला नाही. हे द्यायला गेले नाहीत.
तो गेला त्या आठवड्यात ह्यांनी आपलीही खोलली.
नळ्या पोलिसांकडे दिल्या. हे राहिलं."

एनॉक म्हणाला, चहा ठेव.

मी कागदावर उतरवत गेले:
चापाची जीभ. खटका, दात झिजलेला.
मोठी कमान, तुटकी. स्क्रू नऊ, त्यांतले दोन दुसऱ्याच घराण्याचे.
शेवटी एक पत्रा उरला, पेराच्या निम्मा, निळसर,
कुठेच बसेना. तीन कॅटलॉग झाले, भिंग बदललं.
मग कडेला एक बारीक घळ दिसली,
पोलादाला पडलेली, वर्षानुवर्षं काहीतरी मऊ घासून.

दोऱ्याची.

"बाई, हे बंदुकीचं नाही.
शिलाई मशीनच्या बॉबिनवरचं आहे."

ती आधी नुसतीच बघत राहिली.
मग अशी हसली की खालच्या मजल्यावरचं पॉलिशचं चाक थांबलं.
"सत्तर सालापासून शोधतेय मी हे!
पडद्यांवरून भांडण झालं होतं.
बायबलवर हात ठेवला होता हो त्यांनी!"

घोड्यांना हातही लावला नाही तिने.
पत्रा बसच्या तिकिटात गुंडाळला, पर्समध्ये टाकला,
पर्स दोनदा उघडून पाहिली.
बसला अजून चाळीस मिनिटं होती. तरी निघाली.

खणावर चिठ्ठी लावायची राहिली आहे.
'दोन, डावे,' एवढं लिहिलंय,
पुढे काय लिहायचं ते एनॉकही सांगत नाही.